लस येतेय म्हणे, तोवर केमो थांबवू का?

ताई,
माझी आई ५८ वर्षांची. या वर्षी तिला स्तनाचा कॅन्सर निघाला, दुसरी स्टेज. ऑपरेशन झालं. आता दर तीन आठवड्यांनी केमो आणि सोबत ट्रास्टुझुमॅब नावाचं इंजेक्शन चालू आहे. रिपोर्टवर 'हर-टू पॉझिटिव्ह' असं लिहिलंय. सहापैकी दोन केमो झाल्या. तिसरीच्या वेळी रक्तातल्या पेशी कमी आल्या म्हणून डॉक्टरांनी आठवडाभर पुढे ढकललं आणि त्या आठवड्यात घरात महाभारत झालं. मामांनी आईची साखर, दूध, भात सगळं बंद केलं. सकाळी कडुनिंबाचा पाला, कच्ची हळद आणि लिंबूपाणी. का, तर सिद्धूची बायको त्यानेच बरी झाली. दादा अबुधाबीत असतो. तो रोज रशियाच्या लसीच्या बातम्या टाकतो, शंभर टक्के गुण, फुकट मिळणार. आत्या विचारते, टाटाची ती शंभर रुपयांची गोळी का नाही आणत? वर मामांनी कुरियरने पावडरचे तीन डबे मागवलेत, बेचाळीस हजारांचे. आईचं वजन चार किलो उतरलं. काल ती म्हणाली, 'थांबूया का गं दोन महिने? लस येतेय म्हणे.' मी काही बोलले की मी निगेटिव्ह. पण खरं सांगू? रात्री मलाच भीती वाटते, यातलं एक जरी खरं असलं तर? आईच्या वाट्याची संधी मीच घालवतेय का? आणि मामांना कसं थांबवू?
— वर्षा (नाव बदललं आहे), कराड

वर्षा,

पहिलं उत्तर एका ओळीत देते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. केमो थांबवू नका. पेशी वर आल्या की डॉक्टर सांगतील त्या दिवशी तिसरी केमो होऊ द्या, आणि ट्रास्टुझुमॅबच्या तारखा पाळा. मी डॉक्टर नाही. कॅन्सर पेशंटच्या नातेवाइकांशी बोलण्याचं काम मात्र बरीच वर्षं केलं, वैद्यकीय समाजसेवक म्हणून. तेव्हा औषधाबाबत शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. घरातल्या महाभारताबाबत थोडंफार मी सांगू शकते.

सुरुवात मामांपासून नको, आईपासून करू. 'थांबूया का, लस येतेय म्हणे' हे वाक्य मी वेगवेगळ्या रूपांत खूप ऐकलंय. कधी लस असते, कधी कोणी बाबा, कधी 'मुलीचं लग्न होऊन जाऊ दे'. पेशंट हे म्हणतो तेव्हा दहातल्या आठ वेळा त्याला म्हणायचं असतं, 'मला हे सोसत नाही.' पण तसं म्हणायची चोरी असते, कारण घरातले सगळे धावपळ करतायत, पैसे जातायत, मुलगी रजा टाकून बसलीय. मग लस मदतीला येते. माघार घेतली असं होत नाही, शहाणपणाने थांबलो असं होतं.

तेव्हा आईशी लसीवर वाद घालू नका. आज संध्याकाळी दुसरं कोणी घरात नसताना विचारा, काय सोसत नाही? तोंड आलंय का? गिळताना दुखतं? उलट्या होतात, की नुसतीच मळमळ? हातपाय बधिर होतात? केस गेले त्याचं वाईट वाटतंय? जे सांगेल ते कागदावर लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. यातल्या बऱ्याच गोष्टींवर औषध आहे, फक्त पेशंट बोलत नाहीत म्हणून दिलं जात नाही. ओपीडीत डॉक्टर विचारतात, 'कसं काय, ठीक?' आणि आपल्या आया म्हणतात, 'हो, ठीक आहे.' झालं, पुढचा पेशंट.

आणि हो, केमोत तोंड आलेलं असेल तर त्यावर रोज सकाळी लिंबूपाणी आणि कच्ची हळद म्हणजे काय होत असेल याचा विचार करा. जेवण नकोसं व्हायला आणखी काय हवं?

आता तुमचा रात्रीचा प्रश्न. आईच्या वाट्याची संधी तुम्ही घालवताय का? नाही, आणि हे मी तुमची समजूत काढायला म्हणत नाहीये. तुम्ही पत्रात अगदी सहज एक ओळ लिहून पुढे गेलात, 'हर-टू पॉझिटिव्ह'. तुमच्या आईची संधी त्या ओळीत आहे.

तीस-पस्तीस वर्षांपूर्वी ही ओळ रिपोर्टवर येणं म्हणजे वाईट बातमी असायची. स्तनाच्या कॅन्सरच्या दर शंभर स्त्रियांपैकी पंधरा ते वीस जणींमध्ये हर-टू नावाचं प्रथिन पेशींवर प्रमाणाबाहेर असतं. असा कॅन्सर झपाट्याने वाढतो आणि उलटतोही लवकर. कॅलिफोर्नियात डेनिस स्लेमन नावाचे डॉक्टर या प्रथिनाला अडवणाऱ्या औषधाच्या मागे लागले होते. शेवटी ४६९ स्त्रियांवर चाचणी झाली, सगळ्यांचा रोग पसरलेला. अर्ध्याजणींना नुसती केमो, अर्ध्याजणींना केमो आणि हे औषध. दुसऱ्या गटातल्या बायका जास्त काळ जगल्या. १९९८ च्या सप्टेंबरात अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली. मग प्रश्न आला तुमच्या आईसारख्या बायकांचा, ज्यांचा रोग लवकर सापडला आणि ऑपरेशन झालं. २००५ च्या ऑक्टोबरात मोठ्या चाचण्यांचे निकाल छापून आले. केमोच्या जोडीला किंवा केमोनंतर वर्षभर हे औषध घेतलं, तर रोग उलटण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येतं. निम्म्यावर! २०१४ मध्ये बेंगळुरूच्या बायोकॉनने त्याची स्वस्त आवृत्ती भारतात आणली. मग इतर कंपन्याही आल्या, किमती उतरल्या.

त्या औषधाचं नाव ट्रास्टुझुमॅब. दर तीन आठवड्यांनी तुमच्या आईच्या हातात सलाइनमधून जातं ते हेच. ज्या शोधाची तुमचे दादा रोज बातमी शोधतायत, तसा एक शोध तुमच्या आईच्या फाइलमध्ये आधीच लागलेला आहे. त्याची बातमी जुनी झाली म्हणून कोणी फॉरवर्ड करत नाही, इतकंच. (या औषधाचा काहींच्या हृदयावर परिणाम होतो, म्हणून मधून मधून टू-डी इको करायला सांगतात. ती तपासणी 'उगाच खर्च' म्हणून टाळू नका.)

आता एकेक फॉरवर्ड घेऊ. सगळ्यांना मी थोतांड म्हणणार नाही, कारण सगळी थोतांडं नाहीत. प्रत्येकात काहीतरी खरं आहे, फक्त ते तुमच्या आईबद्दलचं नाही.

रशियाची लस. २०२४ च्या डिसेंबरात तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या एका मोठ्या संशोधन केंद्राचे प्रमुख आंद्रेई काप्रिन यांनी सांगितलं की एमआरएनए (पेशींना ठरावीक प्रथिन बनवायची सूचना देणारा रेणू) तंत्राची लस तयार झाली असून २०२५ च्या सुरुवातीपासून रुग्णांना मोफत मिळेल. मग २०२५ च्या सप्टेंबरात व्लादिवोस्तोकच्या आर्थिक परिषदेत व्हेरोनिका स्क्वोर्त्सोवा या अधिकारी म्हणाल्या की लस वापरायला तयार आहे, परवानगीची वाट आहे. गाठी लहान होणं, वाढ मंदावणं यांचे ६० ते ८० टक्के असे आकडेही त्यांनी दिले. ते आकडे माणसांवरच्या चाचणीच्या आधीच्या टप्प्यातले होते. आपल्याकडे पोचेपर्यंत त्याचे 'शंभर टक्के यश' झाले. आणि पहिलं लक्ष्य कोणता कॅन्सर, तर मोठ्या आतड्याचा. स्तनाचा नव्हे.

दादांना दोन्ही तारखा शेजारी शेजारी ठेवून दाखवा. डिसेंबरातही लस 'येतच' होती, नऊ महिन्यांनी सप्टेंबरातही 'येतच' होती. आईचे 'दोन महिने' या हिशेबाने कधी संपणार?

एमआरएनए लसीची कल्पना मात्र बोगस नाही, हे दादांना प्रामाणिकपणे सांगा, नाहीतर ते तुमचं पुढचं ऐकणार नाहीत. मॉडर्ना आणि मर्क या कंपन्यांनी मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरवर तशी लस वापरून पाहिली. १५७ रुग्ण, सगळ्यांचं ऑपरेशन झालेलं. ज्यांना नेहमीच्या इम्युनोथेरपीबरोबर (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारं औषध) लसही दिली, त्यांच्यात रोग उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी कमी दिसला. पण ही लस पोलिओच्या डोससारखी सगळ्यांना एकच देता येत नाही. ज्या रुग्णाची गाठ, तिच्यातले बदल वाचून त्याच्यापुरती बनवतात. आणि या चाचणीत कोणालाही 'लस येईपर्यंत थांबा' म्हटलेलं नव्हतं. चालू उपचार होताच, लस त्यावर जादा.

हे सगळं काही रशियापासून सुरू झालेलं नाही. ३ मे १९९८ ला न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर बॉस्टनच्या ज्यूडा फोकमन यांच्या संशोधनाची बातमी आली. गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या रोखल्या तर गाठ विरते, असं त्यांनी दाखवलं होतं. उंदरांमध्ये. बातमीत नोबेलविजेते जेम्स वॉटसन यांच्या तोंडी 'ज्यूडा दोन वर्षांत कॅन्सर बरा करणार' अशा अर्थाचं वाक्य होतं. आपण असं म्हणालोच नाही, असं त्यांनी नंतर कळवलं. पण तोवर व्हायचं ते झालं होतं. या औषधांवर काम करणाऱ्या एन्ट्रीमेड नावाच्या छोट्या कंपनीचा शेअर शुक्रवारी १२ डॉलरला बंद झाला होता, सोमवारी तो ८५ डॉलरला उघडला. देशभरातून रुग्ण औषध मागू लागले. औषध होतंच कुठे? फोकमन स्वतः संयमी माणूस. ते म्हणाले, तुम्ही उंदीर असाल आणि तुम्हाला कॅन्सर झाला असेल, तर आम्ही तुमची चांगली काळजी घेऊ शकतो.

फोकमन यांनी उंदरांवर वापरलेली दोन मूळ औषधं माणसांत फारशी चालली नाहीत. कल्पना मात्र जगली आणि २००४ मध्ये त्याच धर्तीच्या बेव्हासिझुमॅब या औषधाला अमेरिकेत परवानगी मिळाली. काही कॅन्सरमध्ये ते आयुष्य काही महिन्यांनी वाढवतं. दोन वर्षांत कॅन्सर संपणार होता, त्याचं सहा वर्षांनी एवढं निघालं. हेही कमी नाही. पण १९९८ च्या मे महिन्यात त्या मथळ्यावर विसंबून जो रुग्ण घरी बसून राहिला असेल, त्याला याचा काय उपयोग? आणि तारीख बघा, तुमच्या आईचं औषध त्याच वर्षी, चार महिन्यांनी आलं.

आत्यांची गोळी. ही बातमी २०२४ च्या फेब्रुवारीतली आणि ती टाटाच्याच माजी संचालकांनी, डॉ. राजेंद्र बडवे यांनी सांगितलेली. म्हणून लोकांचा विश्वास बसला, आणि त्यात लोकांचं काय चुकलं? रेझव्हेराट्रॉल (द्राक्षांत सापडणारा एक घटक) आणि तांबं यांची गोळी, किंमत शंभर रुपयांच्या आसपास. उपचारांचे दुष्परिणाम ५० टक्क्यांनी कमी करेल, रोग उलटणं ३० टक्क्यांपर्यंत रोखेल, परवानगी मिळाली की जून-जुलैपर्यंत बाजारात येईल. त्या आठवड्यात माझ्याकडेही विचारणा सुरू होती, गोळी कुठे मिळते, चिठ्ठी लागते का. मरणाऱ्या कॅन्सर पेशींतून बाहेर पडणारे क्रोमॅटिनचे, म्हणजे डीएनए आणि प्रथिनांचे, कण निरोगी पेशींना बिघडवतात, हा त्यामागचा विचार, त्यावर टाटात डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या गटाने दहा वर्षं काम केलेलं. पण रोग उलटणं थांबतं की नाही याचा पुरावा उंदरांतला होता. माणसांतलं उत्तर मिळायला आणखी पाचेक वर्षं लागतील, हे त्याच बातमीत होतं. मथळ्यात नव्हतं. अनेक कॅन्सरतज्ज्ञांनी तेव्हा उघडपणे नापसंती व्यक्त केली होती, आणि माझ्या मते ती रास्त होती. मोठ्या संस्थेतला मोठा माणूस बोलतो तेव्हा गावातल्या पेशंटला उंदीर ऐकू येत नाहीत, शंभर रुपये ऐकू येतात.

आता गंमत ऐका. याच टाटाने, याच डॉ. बडव्यांच्या नेतृत्वाखाली, खरोखर शंभर रुपयांच्या आतला एक उपाय माणसांवर तपासून दाखवलाय. स्तनाच्या गाठीचं ऑपरेशन सुरू करण्याआधी काही मिनिटं गाठीभोवती लिग्नोकेनचं इंजेक्शन द्यायचं. लिग्नोकेन म्हणजे दातवाले हिरडी बधिर करायला देतात ते. भारतातल्या ११ केंद्रांत सुमारे १,६०० स्त्रियांवर, २०११ पासून दहाएक वर्षं ही चाचणी चालली. निकाल २०२२ मध्ये पॅरिसच्या परिषदेत मांडला, २०२३ मध्ये छापून आला. पाच वर्षांनी हयात असलेल्या स्त्रिया इंजेक्शनविना ८६.४ टक्के, इंजेक्शन दिलेल्यांत ९०.१ टक्के. शंभरात साधारण चार जास्त. मला सांगा, तुमच्या ग्रुपवर हे कधी आलं? नाही येणार. 'शंभरात चार' हा काही पुढे पाठवायचा आकडा नाही. कॅन्सरमधली प्रगती बहुतेक वेळा अशीच असते, शंभरात चार, पुढच्या औषधाने आणखी तीन. तुमच्या आईचं ऑपरेशन होऊन गेलंय, त्यामुळे हा उपाय आता तिच्या कामाचा नाही. तरी आत्यांना सांगा. टाटावर त्यांचा विश्वास आहे तो ठेवू द्या, फक्त योग्य गोष्टीवर ठेवू द्या.

कधी कधी शंभर टक्के हा आकडा खराही असतो. २०२२ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयातून बातमी आली, डॉस्टारलिमॅब औषधाने गुदाशयाच्या कॅन्सरचे बाराच्या बारा रुग्ण बरे झाले. खरी बातमी. पुढे रुग्णांची संख्या ४९ वर गेली तरी निकाल तोच राहिला, सगळ्यांची गाठ नाहीशी. पण त्या सगळ्यांच्या गाठीत एक विशिष्ट जनुकीय दोष होता, जो गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये शंभरात पाच-दहा जणांतच सापडतो. म्हणून बातमी आली की 'खरं की खोटं' याच्या आधी 'कोणासाठी' हे विचारायचं. कोणत्या अवयवाचा, कोणत्या प्रकारचा, किती जणांवर, आणि ज्यांना औषध दिलं नाही त्यांचं काय झालं. दादा शिकलेले आहेत, त्यांना हे चार प्रश्न दिले तर निम्म्या बातम्या ते स्वतःच थांबवतील.

सिद्धूंचं प्रकरण थोडक्यात. २०२४ च्या नोव्हेंबरात नवज्योतसिंग सिद्धूंनी अमृतसरला पत्रकार परिषद घेऊन पत्नीच्या चौथ्या स्टेजच्या कॅन्सरवर मात केल्याचं सांगितलं आणि त्यात लिंबूपाणी, कच्ची हळद, कडुनिंब, साखर-दूध बंद हे सगळं आलं. त्यांच्या पत्नीची ऑपरेशनं झाली होती, केमो झाली होती. व्हिडिओच्या तुकड्यांत तेवढंच गळालं. दोन दिवसांत टाटाच्या आजी-माजी २६२ कॅन्सरतज्ज्ञांनी सहीनिशी पत्रक काढलं की याला भक्कम पुरावा नाही, अशा उपायांपायी उपचार लांबवू नका. मग सिद्धूंनीही खुलासा केला की आहार हा डॉक्टरांच्या सल्ल्याने उपचाराला पूरक होता. मामांना एवढंच विचारा, सिद्धूबाईंनी केमो घेतली होती, मग आमच्या आईने का सोडायची? ज्यांचा दाखला ते देतात, त्या बाईंनीच ऑपरेशन आणि केमो घेतली, यावर मामांकडे उत्तर नसेल.

साखर तोडली की कॅन्सर उपाशी मरतो हे ऐकायला पटतं, पण शरीर साखर कुठूनही बनवतं, अगदी स्वतःच्या स्नायूंतूनही. आधी उपाशी मरते ती आई. चार किलो उतरलं म्हणता, हे डॉक्टरांना सांगितलंय का? पेशी कमी होणं केमोमुळे होतंच, ते काही आहाराचं पाप नाही. पण वजन असंच उतरत राहिलं तर डोस कमी करावा लागतो, तारखा पुढे जातात, आणि उपचार त्या वेळापत्रकावरच तर उभा आहे. अंडी, डाळी, दूध, पनीर, शेंगदाण्याची चटणी घातलेला मऊ भात, जे जाईल ते थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. आमटी-भाजीतली हळद चालू दे. हळदीच्या कॅप्सूल, गुळवेलीचे काढे वगैरे केमोच्या काळात डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नकोत. गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये केली होती. आयुष मंत्रालयाला ती मान्य नव्हती. तो वाद ते मिटवतील, तुमच्या आईच्या यकृतावर तो मिटवायला नको.

'नुकसान तर नाही ना' हा मामांचा पुढचा मुद्दा असणार. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये अशा २८१ रुग्णांचा अभ्यास छापला, ज्यांचा कॅन्सर पसरलेला नव्हता, बरा होण्यासारखा होता, पण त्यांनी नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतले. उपचार घेतलेल्या ५६० जणांशी तुलना केली तेव्हा त्यांच्यात मृत्यूचा धोका अडीच पट निघाला. स्तनाच्या कॅन्सरमध्ये साडेपाच पटींहून जास्त. का, तर हा कॅन्सर वेळेत धरला तर बरा होतो. म्हणून सोडून देण्यात नुकसानही सगळ्यात मोठं.

पावडर. डब्यावर काय काय घातलंय ते लिहिलंय का? बनवणाऱ्याचा परवाना क्रमांक, पत्ता? कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करणं आपल्या देशात १९५४ च्या औषधी व जादुई उपाय कायद्याने गुन्हा आहे. त्या कायद्याच्या यादीत कॅन्सर नावानिशी आहे. डबे उघडले नसतील तर परत पाठवा आणि पैसे मागा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि पावती ठेवा, अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार करता येते. पैसे मिळतीलच असं मी म्हणत नाही. आईने आधीच दोन-चार चमचे घेतले असतील तर ते लपवू नका. डबा घेऊन डॉक्टरांकडे जा. ओरडतील थोडे, मग रक्ताची तपासणी लिहून देतील.

आता मामा. बेचाळीस हजार त्यांनी कोणाच्या खिशातून दिले? पत्रात तुम्ही लिहिलं नाही, पण मला वाटतं स्वतःच्याच. वर्षा, तुमची ती आई, पण त्यांची बहीण आहे. ऑपरेशनचा निर्णय तुम्ही घेतला, डॉक्टरांशी तुम्ही बोलता, फाइल तुमच्याकडे. त्यांच्या हातात काय आहे? मोबाइल. सकाळी उठून बहिणीसाठी करण्यासारखं त्यांना एकच सापडलं, पाला खुडून आणणं. तो पाला तुम्ही आकडेवारी दाखवून हातातून काढून घ्याल, तर ते नवीन काहीतरी शोधतील. हातात दुसरं काम द्यावं लागेल, आणि ते खरं काम हवं, मन रमवायला दिलेलं नको. केमोच्या दिवशी गाडीने नेणं-आणणं त्यांच्याकडे द्या. रोज सकाळी आईचं वजन आणि ताप बघून वहीत लिहिणं द्या. ताप १००.४ च्या वर गेला तर वाट न बघता, रात्र असली तरी, हॉस्पिटलला न्यायचं, हे त्यांना नीट समजावून त्यांच्यावरच सोपवा. केमोतल्या पेशंटसाठी ताप ही खरी घाई आहे, आणि जागरूक माणूस लागतो तो इथे. तसा माणूस तुमच्या घरात आहे, आणि तो सध्या यूट्यूब बघतोय.

ग्रुपवर एकदाच लिहा. भांडण नको, व्याख्यान नको. असं काहीतरी:

'आईच्या आजाराचा प्रकार हर-टू पॉझिटिव्ह आहे. त्यावरचं खास औषध तिला चालू आहे, वर्षभर चालेल. नवीन उपचाराची बातमी कोणाला दिसली तर मला एकटीला पाठवा, मी पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारून उत्तर देईन. आईला थेट पाठवू नका, ती घाबरते. केमोच्या तारखा बदलणार नाहीत. मामा, या वेळी गाडी तुम्ही आणाल का?'

मग खरंच विचारा डॉक्टरांना, आणि खरंच उत्तर द्या. दोन-तीनदा उत्तर आलं की बातम्यांचा ओघ आटतो. तुम्ही नुसतं 'हे खोटं आहे' म्हणालात तर वाढतो.

पुढच्या भेटीला दादांना फोनवर घ्या, डॉक्टरांची परवानगी काढून, स्पीकर लावून. तिथे वेळ कमी असतो, म्हणून प्रश्न आधी लिहून न्या. पेशी वाढायला इंजेक्शन लागेल का? वजन उतरलंय, आहारतज्ज्ञांकडे पाठवाल का? तोंड आल्यावर काय लावायचं? ट्रास्टुझुमॅबचे एकूण किती डोस आणि पुढचा इको कधी? खर्चाचं गणित बसत नसेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र हॉस्पिटलमध्ये बसतो, त्याला भेटून कोणतं औषध योजनेत बसतं ते विचारा. आणि दादांना रशियाच्या लसीचं विचारायचंच असेल तर त्यांचं त्यांना विचारू द्या, पण सगळ्यात शेवटी.